हाकेच्या अंतरावरचं इंग्रजी

॥ श्री ॥
चिंचखेडे, पो. सावदा
ता. २ ऑगस्ट १९५५

चि. वत्सला हिस,
मोठीमायचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझी आजी हे पत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे बरं का. देवळातल्या साक्षरतेच्या वर्गात कंदिलापाशी डोळे फोडले, त्याचं हे पीक. काना एकीकडे आणि मात्रा भलतीकडे गेली असली तर दोघांची गाठ तूच घालून दे.

इकडे सर्व खुशाल. कानबाई बसली आणि वाजत गाजत बोळवलीही. रोटासाठी घरातल्या एकेका माणसाच्या नावाने गव्हाची मूठ काढतात ते तुला ठाऊकच आहे. मी म्हटलं, पोरगी धुळ्याला आत्याकडे, तिच्या नावाचं इथे कोण खाणार? तुझे आबा उठले. कणगीत हात घातला आणि तुझ्या नावाची मूठ काढली. त्यांची मूठ म्हणजे माझी ओंजळ. तुझा रोटही शेवटी त्यांनीच खाल्ला आणि वर म्हणाले की यंदा गूळ कमी पडला.

मृगातली केळी चांगली फुटली. तुझे वडील सकाळपासून सावद्याच्या स्टेशनावर असतात, केळी भरायला रेल्वेच्या वाघिणी लागल्या आहेत. म्हणून बागेत भाकर आता मीच नेते. तू असलीस म्हणजे बांधावरून अशी हाक मारायचीस की शेजारच्या मळ्यातले बैल मान वर करायचे. केळीत शिरलं की हातावरचं माणूस दिसत नाही, सगळा कारभार हाकेवर. पण तुझ्या आबांचं काय करायचं ते सांग. यांचं नाव मला घ्यायचं नाही, म्हणून मी तुझ्या वडलांच्या नावाने, जीवरामचे बाप, अशी हाक घालते. इतकी वर्षं घालते आहे, कधी ओ दिली असेल तर शपथ. मी घसा सुकवत उभी आणि हे मांजराच्या पावलाने मागून येऊन हजर. बोललं तर म्हणतात की आलो ना, मग ओ कशाला पाहिजे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. कुंदाचं पत्र आलं. तुझी आत्या लिहिते की इंग्रजीच्या तासाला बाई तुला उभं करतात आणि तुझ्या तोंडाला कुलूप. आबांनी ते ऐकलं मात्र, भडकले. म्हणाले की आठवीला इंग्रजी सुरू होतं म्हणून पोर एवढ्या लांब टाकली, आणि तिथे जाऊन ती मुकी बसणार असेल तर ती घरीच बसू दे. एप्रिलात म्हणे तोंडी परीक्षा असते. तिच्यात उतरलीस तर नववी, नाहीतर शाळा पुरे. जामनेरचे लोक तुझ्या लग्नाविषयी विचारून गेले आहेत, त्यांना तोवर थांबवलं आहे. मी भांडले गं. पण यांच्याशी भांडणं म्हणजे केळीच्या खोडावर कुऱ्हाड मारणं, आवाजच होत नाही.

म्हणून तू एक कर. तिथे काय शिकवतात ते मला पत्रात लिहीत जा. मलाही कळू दे, त्या भाषेत असं काय आहे की माझ्या नातीचा आवाज बसावा.

आत्याला त्रास देऊ नकोस, केसांना तेल लाव, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी मोठीमाय,
शेवंताबाई


॥ श्री ॥
धुळे
ता. १६ ऑगस्ट १९५५

ती. स्व. मोठीमाय हिस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र आत्याने आधी वाचलं, मग मी वाचलं, मग शेजारच्या मेहरुनला वाचून दाखवलं. मेहरुन माझ्याच बाकावर बसते. तिचे अब्बा, जब्बारचाचा, शिंपी आहेत. कुऱ्हाडीचं वाचून ती खूप हसली. मला मात्र जामनेरचं वाचून रडू आलं.

आबांना सांग की मी मुकी नाही. मला सगळं येतं. आमच्या गद्रे बाईंनी पहिल्यांदा आय ॲम, यू आर, ही इज, शी इज हे शिकवलं. आय म्हणजे मी, यू म्हणजे तू आणि तुम्हीसुद्धा. ही म्हणजे तो, शी म्हणजे ती. इथल्या मुली घरी अहिराणी बोलतात, आपल्या आहेला त्या शे म्हणतात, त्यांना इज म्हणजे शे असं लगेच बसलं. मग उच्चार. फॅनमधला फ आपल्या फणसासारखा नाही. वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे आणि नुसता वारा सोडायचा. मेहरुनच्या घरी तसा फ रोजचाच, फुरसत म्हणताना, फिकीर म्हणताना. मधल्या सुट्टीत तिच्यासमोर माझाही येतो.

पण वर्गात बाईंनी माझं नाव घेतलं की पुढच्या बाकांवरच्या सगळ्या माना एकदम मागे वळतात. एकदा मी घरच्यासारखं मले, तुले असं बोलून गेले होते, तेव्हापासून त्या वाटच बघतात. तेवढे चेहरे पाहिले की माझा घसा मिटतो. बाई चांगल्या आहेत, तोंड उघड, तोंड उघड म्हणतात. तोंड उघडतं गं, आवाज येत नाही.

दिवाळीला मला न्यायला कोण येणार? आबांना नमस्कार. तुझ्या आशीर्वादाची फार गरज असलेली,

वत्सला


॥ श्री ॥
चिंचखेडे
ता. ५ सप्टेंबर १९५५

चि. वत्सला हिस,
अनेक आशीर्वाद, आणि तुझ्या त्या मेहरुनलाही. वि. वि.

धडा पोचला. पत्र पदराच्या गाठीत बांधून बागेत नेलं. आधी तो फ करून पाहिला. अगं, वरचे दात ओठावर टेकवायचे म्हणतेस, पण माझे पुढचे वरचे दात कुठे राहिले? नुसताच वारा सुटला, आणि नेमकी मिश्री लावली होती. ती सगळी तुझ्या आबांच्या धुतल्या टोपीवर. त्यांनी टोपी काढून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं की हे पोरीला शिकवायला धुळ्याला पाठवलं का.

आपल्या बागेत वाळली पानं कापायला येते ती बेबाबाई तुला विचारत होती. तिला मी सांगितलं की इंग्रजीत बाप्याला ही म्हणतात, तर ती विळा टाकून हसत बसली. मग यू सांगितलं. कलेक्टरला यू आणि शेळीलाही यू. बेबाबाई म्हणाली की मग कलेक्टर आणि शेळी एका दारात उभे असले तर आत कोणी यायचं. तुझ्या बाईंना विचारून ठेव. मला तरी हे आवडलं. अहो नाही, अरे नाही, कोणी रुसायला जागाच नाही.

तुझ्या घशाचं मात्र मनाला लागलं. ज्या पोरीच्या हाकेने बैल थांबायचे तिचा आवाज चार वेण्यांपुढे मिटतो, हे मला पटत नाही. दिवाळीला ये, तुझे वडील न्यायला येतील. तुझं पुस्तक घेऊन ये. फराळ मी करीनच, शिवाय कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजू आणि बागेतच भरीत खाऊ. आबांना मी अजून वळवते आहे. ते वळत नाहीत.

आजीला विसरशील तर याद राख, इतकंच लिहून पुरं करते.

तुझी मोठीमाय


॥ श्री ॥
धुळे
ता. ६ डिसेंबर १९५५

ती. स्व. मोठीमाय हिस,
शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. चाळीसगावला गाडी बदलताना भरताचा डबा सांडला, पण थोडं उरलं ते आत्याने आणि मेहरुनने पुसून खाल्लं. मेहरुन म्हणाली की असं हिरवं वांगं धुळ्याला मिळतच नाही.

मोठीमाय, बागेतले ते दिवस डोळ्यांपुढून जात नाहीत. तू एका ओळीत, मी दुसऱ्या ओळीत, बेबाबाई आणि बाकीच्या बाया कुठे आहेत ते फक्त विळ्याच्या आवाजावरून कळायचं. मी पुस्तकातलं वाक्य ओरडायची आणि केळीच्या आतून तुम्ही सगळ्या ते परत द्यायच्यात. आय ॲम गोइंग. आय ॲम कमिंग. शी इज कटिंग अ लीफ. कोणीच कोणाला दिसत नव्हतं. माझा आवाज आपणहून निघत होता, मला त्याला बोलवावंसुद्धा लागलं नाही. आबा दुसऱ्या टोकाला पाणी वळवत दारं धरून होते, त्यांना आमच्या गलक्याचा राग आला नाही ना?  निघताना त्यांनी नुसता डोक्यावर हात ठेवला.

मला वाटलं होतं की आता जमलं. पण परवा बाईंनी उभं केलं, माना वळल्या, आणि पुन्हा तेच. बाई म्हणाल्या की सुट्टीत सगळं विसरलीस वाटतं. विसरले नाही गं. एप्रिल जवळ येतो आहे.

तुझीच,
वत्सला


॥ श्री ॥
चिंचखेडे
ता. १८ डिसेंबर १९५५

चि. वत्सला हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचलं, रडून घेतलं, मग भाकरी केल्या. भाकरी थापता थापता डोक्यात उजेड पडला. पोरी, तुझा घसा चांगला आहे. इंग्रजीही चांगलं आहे. खोड आहे ती त्या चेहऱ्यांची. बागेत तुला कोणी दिसत नव्हतं म्हणून तू बोललीस. तर मग वर्गातही कोणी दिसू नये अशी सोय करायची. तुझ्या बाईंना जाऊन सांग की मला दाराआड, कपाटाआड, कशाच्याही आड उभं करा. सांगायला लाज वाटत असेल तर हे माझं पत्र दाखव. माझं अक्षर पाहून त्यांना दया येईल.

नवी नवरी नाही का, सासऱ्यासमोर तोंडातून शब्द काढत नाही, पण तीच दाराआडून असं काही बोलते की म्हाताऱ्याला सकाळचाच चहा पुन्हा उकळलेला प्यावा लागतो. तुझ्या बाई बाईमाणूसच आहेत, त्यांना कळेल.

इकडे बायांना तुझी चटक लागली आहे. तू गेलीस तरी धडा चालूच. बेबाबाई पान कापलं की म्हणते धिस इज अ लीफ. पुढचं शिकवायला कोणी नाही, म्हणून सगळ्या दिवसभर तेच म्हणतात. तुझे आबा म्हणतात की या बायांनी बाग डोक्यावर घेतली आहे. पण एक पाहिलं मी. पाणी पूर्वी पलीकडच्या टोकापासून सोडायचे, हल्ली आमच्या बाजूने सोडतात. विचारलं तर म्हणतात की उतार इकडे आहे. एवढी वर्षं उतार नव्हता वाटतं. आणि परवा मला विचारलं की पाण्याला इंग्रजीत काय म्हणतात. मी वॉटर म्हटलं. तर म्हणाले की त्या नावाने काही जास्त येत नाही.

थंडी आहे, डोक्याला बांधत जा. इकडची ओढ आहे तशीच राहू दे.

तुझी मोठीमाय


॥ श्री ॥
धुळे
ता. १० फेब्रुवारी १९५६

ती. स्व. मोठीमाय हिस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी बाईंना दाखवलं. वाचताना त्या आधी हसल्या, मग चष्मा पुसला. चहाचं वाचून म्हणाल्या की तुझ्या आजींना एकदा भेटायला पाहिजे. मग तिकाटण्यावरचा फळा त्यांनी कोपऱ्यात तिरका लावला आणि मला म्हणाल्या की ही तुझी केळीची बाग.

मी फळ्याआड गेले. समोर नुसतं काळं लाकूड. पुस्तक उघडलं आणि पहिलं वाक्य म्हटलं. बागेत म्हणते तसंच म्हटलं गेलं, मोठीमाय, मला दुसरं येतच नाही. पुढच्या बाकावरची एक मुलगी दचकून उभी राहिली. शिपाई हातातली घंटा घेऊन धावत आला की काय झालं. मग सगळा वर्ग हसला, मीही फळ्याआड हसले, आणि हसून झाल्यावर पुढचं वाक्य म्हटलं. कोणाची मान वळलेली मला दिसलीच नाही.

आता गंमत अशी की दुसऱ्या मुलींनाही फळ्याआड जायचं आहे. जिला उच्चार जमत नाही ती तिथे जाऊन म्हणते. साक्रीकडची एक मुलगी वर्षभर बोलली नव्हती, ती परवा तिथून बोलली. बाई रोज फळा थोडा थोडा सरकवतात, आम्हाला वाटतं की त्यांच्या लक्षात येत नाही. हल्ली माझा एक खांदा बाहेर असतो.

पण तोंडी परीक्षेला फळा नसणार. दुसऱ्या शाळेतले एक वयस्कर मास्तर येणार आहेत, ते समोर बसणार आणि आम्ही एकेकीने आत जायचं. तिथे मी कशाआड उभी राहू?

आबा काही म्हणाले का? आशीर्वाद दे, या वेळी थोडा जास्तच दे.

तुझी,
वत्सला


॥ श्री ॥
चिंचखेडे
ता. २६ मार्च १९५६

चि. वत्सला हिस,
थोडा जास्त आशीर्वाद. वि. वि.

आज लांबण लावत नाही, बाया खोळंबल्या आहेत. जामनेरहून पुन्हा निरोप आला. आबांनी सांगितलं की परीक्षा होऊ द्या. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. तू लिहिलेली शिपायाची आणि घंटेची गोष्ट मी त्यांना सांगितली होती, तेव्हा मिशीत काहीतरी हललं. हसू होतं की माशी, सांगता येत नाही.

परीक्षेला आत जाशील तेव्हा मास्तरांकडे पाहू नकोस असं मी सांगणार नाही, म्हाताऱ्या माणसाचा मान असतो. पण भिऊ नकोस. उतरलीस तर उत्तमच. नाही उतरलीस तर मी पुन्हा भांडेन, आणि या वेळी खोडावर नाही, मुळावर.

माझा जीव तुझ्यापाशी ठेवला आहे, जपून वापर.

तुझी मोठीमाय


॥ श्री ॥
धुळे
ता. १३ एप्रिल १९५६

ती. स्व. मोठीमाय आणि आबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

तोंडी परीक्षा झाली. कशी झाली ते पहिल्यापासून सांगते.

मास्तर पांढऱ्या मिशांचे, उपरणं घेतलेले. बाहेर आलेल्या मुली सांगत होत्या की फार कडक आहेत, प्रत्येक वाक्याला पुन्हा बोल, पुन्हा बोल म्हणतात. मेहरुनचा फ इतका छान, पण तिलाही चार चारदा म्हणायला लावलं. ती डोळे पुसत आली. मग माझं नाव.

मी आत गेले. फळा भिंतीला टेकवलेला. समोर त्यांचा चेहरा. त्यांनी काहीतरी विचारलं, मी काहीतरी पुटपुटले. तेव्हा ते पुढे वाकले आणि त्यांनी कानामागे तळहात धरला. मोठीमाय, बेबाबाई बांधावर उभी राहून आतली हाक ऐकायला धरते ना, अगदी तसा. मग माझ्या लक्षात आलं. ते कडक नव्हतेच. त्यांना ऐकू येत नव्हतं.

मग काय, दिली हाक. कुठे राहतेस, ते सांगितलं. घरी कोण कोण, ते सांगितलं. मास्तरांनी हात कानावरून काढला आणि खुर्चीला टेकून बसले, गद्रे बाई खिडकीशी उभ्या होत्या त्या बाहेर तोंड करून हसत होत्या. मास्तरांनी विचारलं की तुझे आजोबा काय करतात. मी म्हटलं, माय ग्रँडफादर इज अ फार्मर. ही इज इन द गार्डन. आय कॉल हिम. त्यांनी विचारलं की मग ते काय म्हणतात. मला खोटं सांगता येईना. मी म्हटलं, नथिंग, ही कम्स. काहीच म्हणत नाहीत, ते येतात.

मास्तर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. नंतर बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मी उतरले, आणि चांगली उतरले. मेहरुनही उतरली, बाईंनी तिला मास्तरांच्या कानाचं सांगून पुन्हा आत पाठवलं, या वेळी मोठ्याने बोलायला. लेखी पेपर राहिले आहेत, त्यांची मला भीती नाही. मेमध्ये घरी येईन.

आबा, माझं नववीचं काय ते कळवा. मी वाट पाहते आहे.

आपली,
वत्सला


॥ श्री ॥
चिंचखेडे
ता. २९ एप्रिल १९५६

चि. वत्सला हिस,
हात दुखेपर्यंत आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं. तुझे वडील ऐकायला होते, बेबाबाई मुद्दाम थांबली होती. आबा सुंभ वळत बसले होते. तू उतरलीस हे वाचलं तेव्हा बेबाबाईने माझ्या पाठीत असा धपका घातला की चष्मा खाली. आबांचं वळणं चालूच. मग ते मास्तरांनी विचारलेलं आलं, नथिंग, ही कम्स. मी अर्थ करून सांगितला. आबांचे हात थांबले. सुंभ तिथेच टाकून उठले आणि गोठ्याकडे गेले. मला वाटलं, झालं, आता राग आला. नातीने परक्या मास्तरासमोर आजोबाचं गाऱ्हाणं केलं म्हणून. त्या दिवशी नववीचं विचारायचं धाडस मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी भाकर घेऊन बांधावर गेले. ऊन असं की पायतळी फुफाटा. हाक मारायला तोंड उघडलं आणि वाटलं, जीवरामचे बाप किती वर्षं म्हणायचं, आज पोरीच्या शाळेतली हाक मारून पाहू. त्यात नाव नको, अहो नको. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि कम म्हणून ओरडले. बाया आत फिदीफिदी हसल्या. मग सगळं गप्प. नुसतं पाणी वाहत होतं.

आणि आतून, चांगल्या आतून, जिथे पाणी सोडलेलं होतं तिथून आवाज आला, आय ॲम कमिंग.

पोरी, मी भाकरीची टोपली खाली ठेवली. बेबाबाईचा विळा हातातच राहिला. सगळा हिवाळा आमच्या शेजारच्या ओळीत दारं धरून हा माणूस काय करत होता ते तेव्हा कळलं. पिंडऱ्यांपर्यंत चिखल घेऊन बाहेर आले, हात धुतले, माझ्याकडे न बघता जेवायला बसले. मी एक शब्द बोलले नाही, म्हटलं बोललं तर पाखरू उडेल. अर्धी भाकर झाल्यावर म्हणाले की ठेच्यात मीठ जास्त आहे. उरलेली झाल्यावर म्हणाले की जीवरामला सांग, जामनेरला लिहून टाक की पोरगी शिकते आहे, थांबू नका. जूनला धुळ्याला मी पोचवायला जाईन. त्या बाईंनाही बघायचं आहे, फळ्याआडून पोरी बोलवणारी बाई आहे तरी कशी. आणि मग उठून परत केळीत.

तर आता पेपर नीट लिही, मेहरुनला सांग की मेमध्ये तिलाही घेऊन ये, तिच्या अब्बांची परवानगी मी कुंदाला काढायला सांगते. तिने आल्यावर बायांना तो फ शिकवावा, माझ्याच्याने तो होत नाही. आणि पुढचा धडा घेऊन ये. बेबाबाई लीफला कंटाळली.

आम्हा दोघांची माया आता एकदमच पोचवते, वेगवेगळी पाठवायचं कारण उरलं नाही.

तुझी मोठीमाय,
शेवंताबाई

ता. क. आता मी रोज बांधावर जाऊन हाक मारते. भाकर नसली तरी मारते.